उतरत्या भावाची चढाओढ

बाजाराचा जन्म कसा झाला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत पहिल्या दहा-पांच पानांतच येतो, आणि त्याचें उत्तर बहुधा कल्पनेनेंच दिलेलें असतें. एक पारधी आणि एक कोळी कोठें तरी नदीकांठीं भेटतात. हरणाच्या मांसाच्या मोबदल्यांत मासे दिले जातात. पुढें कवड्या येतात, मग नाणीं येतात, आणि ग्रंथकार हात झटकून पुढील प्रकरणाकडे वळतो. ती भेट कोणी पाहिली, असें विचारण्याची सोय नसते. परंतु गेल्या चाळीस वर्षांत कांहीं बाजार असे जन्मास आले आहेत कीं, त्यांचा पहिला दिवस, पहिला सौदा आणि पहिली लबाडी हीं तिन्ही लिहून ठेवलेलीं आहेत. हे बाजार कोणत्याहि देशाच्या नकाशावर नाहींत. ते खेळांत आहेत.

ज्यांच्या घरीं शाळा-कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्या वाचकांस ह्या खेळांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं मात्र दोन शब्द सांगितले पाहिजेत. हजारों माणसें आपापल्या घरीं संगणकापुढें बसून एकाच वेळीं एकाच कल्पित जगांत शिरतात. कोणी योद्ध्याचें सोंग घेतो, कोणी मांत्रिकाचें, कोणी लोहाराचें. राक्षस मारले कीं त्यांच्या अंगावर नाणीं सांपडतात. डोंगर खणला कीं धातु निघतो. धातु तापविला कीं तलवार होते. एकट्यास सर्व विद्या येत नाहींत, म्हणून देवघेव आली. देवघेव आली कीं भाव आला. आणि भाव आला कीं शेजाऱ्याहून एक कवडी कमी घेऊन माल खपविणारा इसमहि आलाच. ह्या इसमास खेळाडूंच्या मंडळांत जितक्या शिव्या बसतात तितक्या दरवडेखोरासहि बसत नाहींत. त्या कितपत न्याय्य आहेत हें त्याच्या इतिहासावरून पाहतां येईल.

ह्या इतिहासाची पहिली लक्षांत राहण्यासारखी घटना बाहुल्यांची आहे. लूकसफिल्म ह्या चित्रपटसंस्थेच्या खेळविभागानें १९८६ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ नांवाचें एक जग टेलिफोनच्या तारेवरून, कमोडोर ६४ ह्या त्या काळच्या साध्या संगणकावर चालू केलें. त्या जगांत वस्तु विकणारीं यंत्रें होतीं आणि वस्तु गहाण घेणारींहि यंत्रें होतीं. बाजारास थोडी लज्जत यावी म्हणून निर्मात्यांनीं निरनिराळ्या यंत्रांवर भाव किंचित् निरनिराळे ठेवले होते. त्यांत एक चूक राहिली. गांवाच्या एका टोकास बाहुली ७५ टोकनांस मिळे आणि दुसऱ्या टोकास गहाणयंत्र तिचे १०० टोकन देई. स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि त्याचे ३०,००० येत. एका रात्रीं दोघातिघांनीं हें हेरलें. रात्रभर बाहुल्या वाहून त्यांनीं गोळ्यापुरतें भांडवल जमविलें आणि उरलेली रात्र गोळे वाहिले. सकाळीं निर्माते हिशेब पाहतात तों त्या जगांतील एकंदर चलन पांचपट झालेलें! निर्मात्यांनीं पुढें १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत हा प्रसंग मोकळेपणें सांगितला आहे. आमच्या मतें त्यांतील सर्वांत मनोरंजक भाग शेवटचा आहे : ह्या अकस्मात् धनाढ्य झालेल्या मंडळींनीं तो पैसा स्वतःच्या पुढाकारानें इतर खेळाडूंसाठीं गुप्त धनाच्या शोधाचे खेळ भरविण्यांत खर्च केला.

येथें अजून भाव पाडण्याचा प्रश्न नव्हता, कारण विकणारें यंत्र होतें आणि यंत्रास शेजाऱ्याचा हेवा नसतो. माणसानें माणसास विकण्याचा मोठा बाजार उभा राहिला तो सप्टेंबर १९९७ मध्यें निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ ह्या खेळांत. रिचर्ड गॅरियट ह्यांच्या ओरिजिन ह्या संस्थेनें तो काढला, आणि त्याच्या रचनेंत राफ कॉस्टर ह्यांचा मोठा हात होता. त्यांची मूळ कल्पना फार सुंदर होती. जगांतील लोकर, लोखंड, लांकूड ह्यांचा एकंदर साठा ठराविक असावा. वापरून संपलेलें द्रव्य पुन्हां रानांत आणि खाणींत उगवावें. म्हणजे निसर्गाप्रमाणेंच सर्व चक्र आपोआप फिरत राहील. परंतु खेळाडूंनीं जें मिळेल तें पेट्यांत कोंबून ठेवण्यास आरंभ केला. पेटींत पडलेलें लोखंड खाणींत परत जात नाहीं. तेव्हां खाणी रित्या पडूं लागल्या, आणि ती कल्पना लवकरच सोडून द्यावी लागली. मनुष्य साठेबाज आहे हें मुनशी-कारकुनांसहि ठाऊक असतें. जगाच्या ह्या निर्मात्यांस तें अनुभवानें शिकावें लागलें.

ह्याच खेळांत दुसरी एक गोष्ट दिसून आली, आणि तिच्यांत आमच्या विषयाचें बीज आहे. त्या जगांत कौशल्य वाढतें तें सरावानें. शिंप्यास निष्णात व्हावयाचें तर त्यानें सदरे शिवीत बसलें पाहिजे. मग ते सदरे कोणास हवे असोत वा नसोत. अशा कारागिराच्या दृष्टीनें सदरा हा माल नव्हे. ती गिरविलेली पाटी आहे. पाटी पुसण्यापूर्वीं कोणी तिचे दोन पैसे देत असेल तर ते त्यास मिळाल्यासारखेच वाटतात. ह्यामुळें ह्या खेळांत, आणि पुढें आलेल्या जवळजवळ प्रत्येक खेळांत, तयार वस्तूचा भाव तिला लागणाऱ्या कच्च्या मालाच्या भावाहूनहि खालीं गेलेला आढळतो. कापड दहास आणि सदरा सातास, हा चमत्कार पाहून नवखा शिंपी कपाळास हात लावतो आणि भाव पाडणाऱ्यास मूर्ख म्हणतो. तो मूर्ख नसतो. त्याचें गिऱ्हाईक म्हणजे त्याचें स्वतःचें शिक्षण होय, आणि त्याची किंमत तो आनंदानें देत असतो.

खरा मूर्खपणा निराळा आहे व तो फार पसरलेला आहे. ‘लोखंड मी स्वतः खणलें, म्हणजे मला तें फुकट पडलें,’ असें म्हणून दोन खंडांची सुरी पंधरा नाण्यांस विकणारा लोहार, तेच दोन खंड पलीकडच्या दुकानांत वीस नाण्यांस जात होते, हें विसरतो. त्याचीं पांच नाणीं बुडालीं. पण बुडालेलीं दिसत नसल्यामुळें तो हंसतमुखानें घरीं जातो. शेतांत राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी हिशेबांत न धरणारे शेतकरी आपल्याकडे थोडे नाहींत. तेव्हां ह्या लोहारास हंसण्याचा अधिकार कितीजणांस आहे कोण जाणे.

तथापि ‘अल्टिमा’ मध्यें भाव पाडण्याची चढाओढ फार तीव्र झाली नाहीं. तेथें खेळाडूनें आपल्या घराच्या दारांत एक पगारी गुमास्ता उभा करावयाचा आणि त्याच्या पोतडींत माल ठेवून भाव सांगावयाचा, अशी रीत होती. गुमास्ता रोजचा पगार मालाच्या किंमतीच्या मानानें घेई. हे गुमास्ते साऱ्या मुलुखांत विखुरलेले. कोणाचा भाव काय हें कळावयाचें तर पायपीट करावी लागे. ज्याचें घर शहराच्या वेशीजवळ त्याचा माल दोन पैसे महाग असूनहि खपे, आणि ज्याचें घर रानांत त्यानें कितीहि भाव उतरविला तरी तें कोणाच्या कानीं जात नसे. भाव पाडून उपयोग व्हावयाचा तर तो भाव गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें असावा लागतो. ही साधी गोष्ट पुढील सर्व कथेची किल्ली आहे.

मार्च १९९९ मध्यें ‘एव्हरक्वेस्ट’ निघाला. त्यांतील नोराथ नांवाच्या जगांत निर्मात्यांनीं खेळाडूंसाठीं बाजारच बांधला नव्हता. खेळाडूंनीं तो स्वतः वसविला, आणि तोहि एका भुयारांत! फ्रीपोर्ट शहराच्या बाहेर पूर्व कॉमनलँड्स नांवाचें माळरान आहे. तेथून वाळवंटाकडे जाणारें एक भुयार होतें. खेळाच्या बहुतेक प्रतींत संध्याकाळीं त्या भुयारांत शेंकडों सोंगें दाटीनें बसलेलीं असत आणि जो तो आपल्या मालाचा पुकारा करीत असे. तेथें भाव सांगण्याची, घांसाघीस करण्याची, नवख्यास फसविण्याची आणि क्वचित् नवख्याची कींव येऊन त्यास फुकट चिलखत देण्याचीहि वहिवाट पडली. पुकारा क्षणांत वर सरकून नाहींसा होई. म्हणून मागच्या माणसाचा भाव काय होता हें ज्याच्या ध्यानांत राही तो चांगला व्यापारी ठरे. जुने खेळाडू ह्या भुयाराची आठवण अशा गहिवरानें काढतात कीं, जणूं कांहीं तें त्यांचें आजोळच होतें.

डिसेंबर २००१ मध्यें ह्या खेळास जी पुरवणी जोडली गेली तिच्याबरोबर रीतसर ‘बझार’ आला. आतां माल पोतडींत भरून, भाव लिहून, आपलें सोंग बाजारांत उभें करून ठेवलें कीं झालें. गिऱ्हाईक वस्तूचें नांव घालून शोध करी आणि सर्व विक्रेत्यांचे भाव एकाखालीं एक दिसत. विक्रेत्याचें सोंग जागेवर हजर असावें लागे, म्हणून लोक रात्रभर संगणक चालू ठेवून झोंपीं जात. सोय मोठी झाली, ह्यांत शंका नाहीं. भुयार ओस पडलें, ह्यांतहि नाहीं. एकदां भाव शेजारीं शेजारीं दिसूं लागल्यावर एका नाण्याचा फरकहि डोळ्यांत भरूं लागला.

त्याच वर्षीं एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें नोराथवर एक निबंध लिहिला आणि विद्वानांत खळबळ उडवून दिली. ह्या खेळांतील नाणीं व वस्तु खेळाबाहेर खऱ्या डॉलरांस विकल्या जात होत्या. त्या विक्रीच्या भावांवरून हिशेब करून त्यांनीं नोराथचें दरडोई उत्पन्न सुमारें २,२६६ डॉलर काढलें. म्हणजे हें अस्तित्वांतच नसलेलें राष्ट्र रशिया आणि बल्गेरिया ह्यांच्या मध्यें जाऊन बसलें. आंकड्याच्या नेमकेपणाविषयीं वाद घालतां येईल. परंतु राक्षस मारण्याच्या घटकाभराच्या श्रमास जगाच्या बाजारांत मजुरी मिळते, हें एकदां सिद्ध झाल्यावर त्या मजुरीचा भाव पाडण्यास माणसें पुढें येणार हेंहि ठरल्यासारखेंच होतें. त्यांच्याकडे आम्ही पुढें वळणार आहोंत.

नोव्हेंबर २००४ मध्यें निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नें बाजाराची जी रचना केली ती सर्वांत प्रसिद्ध झाली. तेथील मोठ्या शहरांत लिलावघरें असतात. नांव लिलावघर, पण बोली लावून वाट पाहण्यापेक्षां ठराविक किंमत देऊन वस्तु तत्काळ उचलण्याकडेच लोकांचा ओढा. माल मांडतांना थोडी अनामत भरावी लागे. माल खपला तर ती परत मिळे, न खपला किंवा मागें घेतला तर बुडे. आणि खपलेल्या मालावर शेंकडा पांच दस्तुरी कापली जाई. तांब्याचीं शंभर नाणीं म्हणजे एक रुप्याचें आणि रुप्याचीं शंभर म्हणजे एक सोन्याचें, असें तेथील चलन. एकानें तलवार पन्नास सोन्याच्या नाण्यांस मांडली कीं दुसरा तशीच तलवार पन्नासास एक तांबें कमी अशा भावानें मांडतो. पांच लक्षांत एक एवढाच हा फरक. पण यादींत दुसरा वर आणि पहिला खालीं! पहिला चिडून आपला माल मागें घेतो आणि आणखी एक तांबें कमी करतो. वनस्पति, कापड असल्या कच्च्या मालाची अनामत इतकी क्षुल्लक असे कीं, हा खेळ दिवसभर चालला तरी कोणाचें कांहीं जात नसे. पुढें तर खेळाडूंनीं अशीं साहाय्यक साधनें तयार केलीं कीं, सर्व माल तपासून त्याचा भाव इतरांखालीं आणण्याचें काम दोन-चार टिचक्यांत व्हावें.

ह्या प्रकारास भाव पाडणें म्हणतात. परंतु नीट पाहिलें तर हा भाव पाडणें नव्हेच. गिऱ्हाइकास एका तांब्याच्या सवलतीचें काय सुख? ज्यानें एक तांबें कमी केलें त्यानें भाव जवळजवळ जेथल्या तेथें ठेवला आणि रांगेंत मात्र पुढें घुसला. तें तांबें म्हणजे रांग मोडण्याची फी. सच्चोटीनें भाव उतरविणारा निराळा असतो. तो पन्नासाची तलवार चाळीसांस देतो, गिऱ्हाईक दहा नाण्यांनीं सुखी होतें, आणि रांगेंतल्या इतरांस विचार करावा लागतो कीं आपणहि चाळीसांवर यावें कीं धंदा सोडावा. फ्रेंच गणिती जोसेफ बेर्त्रां ह्यांनीं १८८३ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, एकसारखा माल विकणारे दोघे जर केवळ भावानें झगडूं लागले तर भाव उत्पादनखर्चापर्यंत घसरतो. एका तांब्याचे लढवय्ये त्याच उतारावरून उतरत असतात, पण मुंगीच्या पावलांनीं. आणि तेवढ्या वेळांत गिऱ्हाईक जुनाच भाव देत राहतें. गंमत अशी कीं, शिव्या बसतात त्या बहुधा चाळीसवाल्यास. ‘तूं बाजार बिघडविलास’ हें त्यास ऐकावें लागतें, आणि ज्याच्यासाठीं बाजार सुधारला तें गिऱ्हाईक त्या वेळीं तेथें हजर नसतें.

चाळीसवाल्याविरुद्ध संगनमत करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. ‘आपण सर्व लोहारांनीं मिळून पन्नासाखालीं विकावयाचें नाहीं,’ असे ठराव होत आणि आठवडाभर टिकत; कारण उद्यां कोणीहि नवा मनुष्य लोहार होऊन येतो, आणि त्याच्यावर ठरावाची अंमलबजावणी करणार कोण? संगनमत टिकलें तें एकाच खेळांत, आणि तेंहि शस्त्राच्या जोरावर.

तो खेळ म्हणजे आइसलंडांतील सीसीपी ह्या संस्थेनें मे २००३ मध्यें काढलेला ‘ईव्ह ऑनलाइन’. हजारों ताऱ्यांच्या ह्या विश्वांत जहाजें, तोफा, दारूगोळा, बहुतेक सर्व कांहीं खेळाडूच बनवितात, आणि लढाईंत तें नष्टहि होतें. त्यामुळें मालास खरी मागणी असते. अंतर हें तेथें खरेंखुरें अंतर आहे. माल जहाजांत भरून न्यावा लागतो आणि वाटेंत लुटारू असतात. आरंभीं युलाइ येथें मोठी पेठ होती. वाहतुकीचे मार्ग बदलतांच ती मोडली आणि जिता येथें भरली. जिताच्या चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळील स्थानक हेंच बाजारपेठ व्हावें असें कोणीहि ठरविलें नव्हतें. जेथें गिऱ्हाईक असतें तेथें विक्रेता जातो आणि जेथें विक्रेता असतो तेथें गिऱ्हाईक जातें, एवढ्याच कारणानें तें स्थानक त्या विश्वाचें मुंबई बंदर होऊन बसलें. २००७ मध्यें संस्थेनें एयोल्फुर गुड्मुंडसन ह्या अर्थशास्त्रज्ञास नोकरीस ठेवलें, आणि ते ह्या कल्पित राष्ट्राचीं आर्थिक पत्रकें प्रसिद्ध करूं लागले. हेच गृहस्थ पुढें २०१४ मध्यें आइसलंडांतील आकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले.

२०१२ मध्यें ह्या विश्वाच्या उत्तर भागांतील प्रबळ टोळ्यांनीं टेक्नेशियम नांवाच्या द्रव्याच्या खाणी असलेले चंद्र आपसांत वांटून घेतले आणि तेल विकणाऱ्या राष्ट्रांच्या संघाच्या धर्तीवर संघ स्थापून भाव चढा ठेवला. येथें करार मोडून स्वस्त विकणाऱ्याचें तोंड दुकानानें नव्हे, आरमारानें बंद करतां येत होतें. शेवटीं निर्मात्यांनींच त्याच वर्षीं दुसऱ्या स्वस्त द्रव्यांपासून तोच माल सिद्ध करण्याची किमया उपलब्ध करून दिली, तेव्हां भाव उतरला. म्हणजे जेथें भाव पाडणारा कोणी उरला नव्हता तेथें तो प्रत्यक्ष ब्रह्मदेवास व्हावें लागलें!

एका कवडीची लढाई मात्र जितासहि चुकली नाहीं. तेथें चलनाच्या शतांशापर्यंत भाव लिहितां येई, आणि लाखांच्या मालावर लोक शतांश-शतांश कमी करीत बसत. भाव एकदां बदलल्यावर पांच मिनिटें पुन्हां बदलतां येत नसे आणि बदलण्याचा आकार शंभर नाणीं, म्हणजे कांहींच नाहीं. परिणामीं ज्यास दिवसभर पडद्यासमोर बसण्याची फुरसत तो जिंकला. ज्यास नोकरी-चाकरी आहे तो हरला. मार्च २०२० मध्यें निर्मात्यांनीं दोन नियम केले. भावांतील पहिले चार अंक तेवढे आपल्या मर्जीचे, पुढें सर्व शून्यें. आणि भाव बदलावयाचा तर मालाच्या किंमतीच्या मानानें फी. बारा लक्षांच्या वस्तूवर पुढें घुसावयाचें तर आतां निदान एक हजार सोडावे लागतात. रांग मोडण्याची फी वाढविली, आणि ती गिऱ्हाइकाच्या पदरांत पडेल अशी व्यवस्था केली, असा ह्याचा अर्थ. खऱ्या शेअरबाजारांतहि हाच प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कच्या बाजारानें २००१ मध्यें डॉलरच्या सोळाव्या हिश्शाची पायरी सोडून एका सेंटाची घेतली, तेव्हां तेथेंहि एका सेंटानें पुढें घुसणाऱ्यांविरुद्ध हाकाटी झाली होती. आणि मुंबईस भावाची सर्वांत लहान पायरी अनेक वर्षें पांच पैशांची होती ती उगाच नव्हे.

नियमांनीं काय होतें आणि काय होत नाहीं, ह्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण केंब्रिजच्या जॅजेक्स ह्या संस्थेच्या ‘रूनस्केप’ चें आहे. नोव्हेंबर २००७ मध्यें तेथें एक मोठी सार्वजनिक पेढी उघडण्यांत आली. तिची युक्ति अशी कीं, दुसऱ्यानें काय भाव मागितला आहे हें दिसतच नाहीं. आपण आपला आंकडा सांगावयाचा. जुळला तर सौदा होतो, आणि जो आधीं आला होता त्याच्या भावानें होतो. आपल्याकडील जुन्या पेठांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत, त्याची येथें आठवण होते. एवढ्यावर थांबते तर बरें होतें. परंतु प्रत्येक वस्तूचा एक अधिकृत भाव ठरवून त्याच्या शेंकडा पांचाहून वर किंवा खालीं व्यवहार होऊं द्यावयाचा नाहीं, असेंहि बंधन घातलें. लागलीच, २००८ च्या जानेवारींत, दोन खेळाडूंमधील परस्पर देवघेवहि समतोल असली पाहिजे असा नियम आला.

ह्याचा परिणाम, महायुद्धकालीन नियंत्रणांच्या हकीकती ज्यांनीं घरांत ऐकल्या आहेत त्यांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. दुर्मिळ वस्तूंचा अधिकृत भाव खऱ्या भावामागें लंगडत राहिला. पेढीवर त्या मिळेनाशा झाल्या. आणि चोरटी वाट निघाली. अधिकृत भाव मोठा पण कोणी न घेणारा असा केरकचरा जोडीला देऊन सौदा कागदोपत्रीं समतोल दाखवावयाचा! केरकचऱ्यालाहि मग बाजार आला. तीन वर्षें हें चाललें. शेवटीं संस्थेनें खेळाडूंचें मत घेतलें. बारा लक्षांच्या सुमारास मतें पडलीं, दहांतील नऊंनीं मुक्त व्यापाराच्या बाजूनें कौल दिला, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजीं बंधनें उठलीं. एखाद्या लोकसमूहानें दरनियंत्रणावर इतक्या सरळपणें मत दिल्याचीं उदाहरणें खऱ्या जगाच्या इतिहासांत फार सांपडणार नाहींत.

संस्थेची बाजू सांगितल्यावांचून हा भाग सोडणें मात्र अन्यायाचें होईल. तीं बंधनें घातलीं गेलीं तीं हौशी व्यापाऱ्यांवर राग म्हणून नव्हे. खेळांतील सोनें खऱ्या पैशास विकण्यासाठीं खणणारे मजूर सर्वच खेळांत शिरले होते. ज्युलियन डिबेल ह्या अमेरिकन लेखकानें २००७ मध्यें चीनमधील नानजिंग शहरांतल्या अशा एका कारखान्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे. मजूर रात्रीचे बारा तास, आठवड्याच्या सातहि रात्रीं, ‘वॉरक्राफ्ट’ मधले तेच ते राक्षस मारीत बसे. शंभर सोन्याच्या नाण्यांमागें त्याच्या हातीं सव्वा डॉलर येई, म्हणजे तासास सुमारें तीस सेंट. मालक तीं तीन डॉलरांस किंवा थोड्या अधिकास दुकानदारास देई. आणि अमेरिकेंतील हौशी गिऱ्हाईक त्यांचे वीस डॉलरपर्यंत मोजी. मॅंचेस्टरचे प्राध्यापक रिचर्ड हीक्स ह्यांनीं २००८ मध्यें अशा मजुरांची संख्या चार लक्षांच्या आसपास असावी असा अंदाज बांधला. पुढें दहा वर्षांनीं, वेनेझुएलाचें चलन मातीमोल झालें तेव्हां, तेथील तरुण पोटासाठीं ‘रूनस्केप’ मध्यें सोनें खणूं लागले.

येथें भाव पाडण्यास निराळाच अर्थ येतो. लिलावघरांत एक तांबें कमी करणाऱ्याचें फार तर एका संध्याकाळचें मन खट्टू होतें. नानजिंगच्या मजुराशेजारीं दुसरा मजूर बसला आणि सोनें अधिक निघूं लागलें कीं सोन्याचा भाव पडतो, म्हणजे त्याच्या रात्रीचा भाव पडतो. आणि खेळाची संस्था ज्या दिवशीं त्याचें खातें बंद करते त्या दिवशीं त्याची मजुरी बुडते. खेळाडू त्यास पाहतांच हुसकून लावीत, त्याच्या मोडक्या इंग्रजीची टर उडवीत, आणि घरीं जाऊन त्यानेंच खणलेलें सोनें विकत घेत. दुसऱ्याच्या स्वस्त श्रमाचा लाभ घेऊन त्यासच बाजार बिघडविणारा म्हणण्याची ही तऱ्हा आम्हांस तरी भाव पाडण्यापेक्षां पुष्कळ अधिक लाजिरवाणी वाटते.

‘ब्लिझर्ड’ ह्या संस्थेनें चोरट्या व्यापाराचा निराळाच तोडगा काढला. मे २०१२ मध्यें निघालेल्या ‘डायब्लो’ च्या तिसऱ्या भागांत खेळांतल्या नाण्यांचें एक आणि खऱ्या पैशांचें एक अशीं दोन लिलावघरें तिनें स्वतःच मांडलीं. शस्त्र वा चिलखत विकल्यास एक डॉलर दस्तुरी, आणि भावाची कमाल मर्यादा अडीचशें डॉलर. बाजार उत्तम चालला. इतका उत्तम चालला कीं खेळ बसला! ह्या खेळाचें सारें सुख राक्षस मारून त्याच्यापाशीं काय निघतें हें पाहण्यांत. आणि येथें तर साऱ्या मुलुखाचा माल एका दालनांत येऊन पडलेला, कोणतीहि वस्तु झिजून कायमची बाद होत नाहीं, तेव्हां भाव रोज खालीं. स्वतः मिळविलेली तलवार बाजारांत दोन दिडक्यांस पडून असेल तर तिच्यासाठीं रात्र कोण जागवील? मे २०१३ मध्यें एका चुकीमुळें नाणीं अमर्याद वाढविण्याची वाट सांपडली, आणि १८ मार्च २०१४ रोजीं संस्थेनें दोन्ही लिलावघरें कायमचीं बंद केलीं. दुकान तोट्यांत गेलें म्हणून बंद झालेलें आपण नेहमीं पाहतों. फार सोयीचें झालें म्हणून बंद झालेलें हें विरळाच.

‘वॉरक्राफ्ट’ चें लिलावघर अद्याप चालू आहे. जानेवारी २०२० मध्यें त्याची पुनर्रचना झाली तेव्हां भावांतून तांब्याचें नाणें काढून टाकण्यांत आलें. आतां रांग मोडावयाची तर निदान एक रुप्याचें नाणें सोडावें लागतें. त्याच्या आदल्याच वर्षीं, जुन्या खेळाडूंच्या आग्रहावरून खेळाचें २००४ च्या वळणाचें रूप पुन्हां उघडलें होतें. तेथें मात्र तांब्याची लढाई पूर्वींसारखीच जुंपली. ‘रूनस्केप’ चेंहि २००७ मधील जुनें रूप २०१३ मध्यें परत आणलें गेलें. त्यांत पेढी नव्हती. लोक पुन्हां शहरांत उभे राहून पुकारे करूं लागले, आणि दोन वर्षांनीं, २०१५ त, त्यांनीं स्वतः मत देऊन पेढी मागून घेतली.

‘एव्हरक्वेस्ट’ च्या चाहत्यांनीं उलट केलें. २००९ सालीं कांहीं हौशी मंडळींनीं ‘प्रोजेक्ट १९९९’ ह्या नांवानें तें जग मूळच्या स्थितींत स्वखुषीनें उभें केलें, आणि २०१५ मध्यें खेळाच्या मालक संस्थेनें त्यास रीतसर मान्यता दिली. त्या जगांत बझार नाहीं. फ्रीपोर्टबाहेरच्या माळावरील तें भुयार पुन्हां भरूं लागलें, आणि लोक तेथें दाटीनें बसून आपापल्या मालाचा पुकारा करूं लागले.